इंजिनिअरिंगमधून बिझनेसकडे: एमबीए की कंपनीतूनच वाट?

इंजिनिअरला बिझनेसच्या बाजूला जायचं असेल तर दोन वाटा असतात: नोकरी सोडून पूर्णवेळ एमबीए, किंवा आहे त्याच कंपनीत प्रॉडक्ट (उत्पादन कसं असावं ते ठरवणं), प्री-सेल्स (विक्रीआधी ग्राहकाला उत्पादन दाखवून समजावणं) अशा कामात शिरणं.

एमबीएचा खर्च म्हणजे नुसती फी नाही. एक-दोन वर्षांचा बुडालेला पगारही त्यात धरा. पण क्षेत्रच बदलायचं असेल, डिझाइनमधून थेट कन्सल्टिंग किंवा फायनान्सकडे, तर हीच वाट सरस. कॅम्पस भरतीतून मिळणारी संधी एरवी सहसा मिळत नाही.

बहुतेकांसाठी मला मात्र दुसरी वाट जास्त पटते. प्री-सेल्समध्ये डेमो रंगात आलेला असतो आणि ग्राहक मध्येच विचारतो, "हे बसवायला आमचं काम किती दिवस बंद ठेवावं लागेल?" तिथे फीचरची यादी उपयोगाची नसते. बंद काळातलं नुकसान आणि पुढची बचत यांचा हिशेब जागच्या जागी मांडता यावा लागतो. हे शिक्षण पगार चालू असताना मिळतं. अडचण एकच, चांगल्या इंजिनिअरला त्याचा मॅनेजर सहजासहजी सोडत नाही.

दोन्ही जमवणारेही आहेत. सत्या नडेला यांनी मायक्रोसॉफ्टमधली नोकरी सांभाळून १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातून एमबीए पूर्ण केलं.