इस्तंबूलहून आणलेलं ते 'जुनं पान'

हे लिहायला दीड वर्ष लागलं कारण लाज वाटत होती. पण परवा ऑफिसमधली एकजण इस्तंबूलला निघालीये, विचारत होती तिथून काय आणू, म्हटलं आता लिहूनच टाकावं.

मी हौशी सुलेखन करते, बोरूने. देवनागरी मुख्य, पण अरबी अक्षरांचं वेड पहिल्यापासून, वाचता अजिबात येत नाही हं, नुसतं बघत बसायचं. कलमेच्या टोकाने उमटलेला चौकोनी ठिपका हे माप धरून प्रत्येक अक्षराचं प्रमाण ठरवायचं ही पद्धत बगदादचा सुलेखनकार इब्न मुक्ला याच्या नावावर आहे, तो ९४० मध्ये वारला आणि शिकणारे आजही तसेच ठिपके मोजतात. एवढं सगळं माहीत होतं. खरं तर म्हणूनच फसले.

मी आणि ताई ग्रँड बाजाराच्या आसपास हिंडत होतो, एका दुकानात शिरलो (नाव लिहीत नाही). चहा आला, गप्पा झाल्या, मग त्या माणसाने कपाटातून प्लॅस्टिकमध्ये ठेवलेलं एक पान काढलं. वर-खाली अरबी मजकूर, मधोमध चित्र, पगडीवाले विद्वान, पृथ्वीचा गोल आणि एकजण दुर्बिणीतून आकाशात बघतोय. म्हणाला ही तकीउद्दीन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाची वेधशाळा, इथे इस्तंबूलमध्येच १५७७ ला बांधली आणि १५८० ला सुलतानाने पाडायला लावली, पान त्याच काळातलं. मी तिथल्या तिथे फोनवर बघितलं, तारखा बरोबर! झालं, माझा विश्वास बसला.

वर कागद हातात घेतला तर जुनाच, खळ लावून दगडाने घोटलेला, आपल्याकडच्या मोडीच्या जुन्या कागदासारखा गुळगुळीत. तिरका धरला तर ओळींखाली बारीक दाबाच्या रेघा. त्या मिस्तरने काढतात, म्हणजे पुठ्ठ्यावर दोरे ताणून शिवायचे, वर कागद ठेवून बोट फिरवायचं, शाईचा थेंब न लागता रेघा उमटतात. मी ताईला एक्स्पर्टसारखं लेक्चर दिलं आणि दुकानदार कौतुकाने मान डोलवत होता. आत्ताही आठवलं की कानशिलं तापतात.

३५० युरो म्हणाला, ताईने घासाघीस करून २८० वर आणला, म्हणजे आपले पंचवीस हजार. पावतीवर लिहिलं 'हाताने रंगवलेलं चित्र, जुना कागद'. असं का लिहिलंत विचारलं तर आवाज खाली आणून म्हणतो, मॅडम, जुनी हस्तलिखितं तुर्कस्तानाबाहेर न्यायला बंदी आहे, एअरपोर्टवर तुम्हाला त्रास नको. बंदी खरीच आहे. तिथेच उठायला हवं होतं, कारण पान खरं असेल तर मी चोरटा माल नेतेय आणि खोटं असेल तर फसतेय, तिसरं काही शक्यच नाही. पण घबाड लागलंय असं वाटलं की डोकं चालत नाही. आणि गंमत बघा, त्या अख्ख्या व्यवहारात विकलेल्या मालाबद्दल खरं काय ते फक्त पावतीवर होतं.

पुण्यात आल्यावर फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. पहिला पावसाळा संपता संपता चित्रातलं सोनं काळपट हिरवं पडायला लागलं. खरा सोन्याचा वर्ख डिंकात नाहीतर मधात खलतात, धुतात, ब्रशने लावून वर अकीकाने घोटतात, तो शेकडो वर्षं तसाच चमकतो. हिरवी पडते ती पितळेची पूड.

मग ताईच्या ओळखीतल्या एका सरांकडे पान घेऊन गेले, अरबी-फारसी शिकवून रिटायर झालेत. सरांनी दोन ओळी वाचल्या आणि हसायलाच लागले. "अगं, इथे लिहिलंय झैदने अम्रला मारलं." अरबी व्याकरणातलं ठरलेलं उदाहरण आहे ते, झैद कर्ता, अम्र कर्म, आपलं 'राम आंबा खातो' तसं. वेधशाळेचा काडीचा संबंध नाही! पान खिडकीशी धरलं तर चित्राच्या खालून अक्षरांच्या ओळी दिसायला लागल्या. खऱ्या पोथीत लिहिणारा चित्रापुरती जागा मोकळी सोडून पुढे जातो, इथे मजकुरावरच रंग फासलेला. आणि ती दुर्बीण, अहो ती हॉलंडमध्ये १६०८ ला निघाली! वेधशाळेचं त्या काळातलं खरं चित्र इस्तंबूल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, त्यात गोल, घड्याळ, कसली कसली यंत्रं सगळं आहे, दुर्बीण नाहीये. तारखा फोनवर बघितल्या तेव्हा तेही चित्र बघायला दोन मिनिटं लागली असती.

सर म्हणाले कागद खरा, अक्षरही खरं, चित्र परवाचं. ज्या साध्या जुन्या पोथ्यांना कोणी विचारत नाही त्या फाडायच्या, पानापानावर चित्र काढायचं आणि टुरिस्टला सुटी पानं विकायची. हे ऐकून मात्र पोटात कालवलं. पैशापेक्षा जास्त.

माझा चेहरा बघून त्यांनी इब्न अल-बव्वाबची, म्हणजे इब्न मुक्लानंतरच्या एका मोठ्या सुलेखनकाराची, गोष्ट सांगितली. शिराझच्या ग्रंथालयात त्याला इब्न मुक्लाच्या हातच्या कुराणाचे ३० पैकी २९ भाग सापडले, तर विसावा-तिसावा जो कुठला गहाळ होता तो त्याने स्वतः लिहिला, त्यासाठी ग्रंथालयातलाच जुना कागद घेतला, सोनेरी काम करून ते जुनं दिसेलसं केलं, बांधणीही जुनी चढवली, आणि तिथल्या अमिराला तो ओळखता आला नाही. "पण तो आधी सांगून, पैज लावून बसला होता," सर म्हणाले, "आणि त्याने काही फाडलं नाही."

दुकानदाराला मेसेज केले, ब्लू टिक येते, उत्तर नाही. पैसे परत मिळतील का विचारलं तर बँक म्हणते पावतीवर जे लिहिलंय तेच मिळालंय ना तुम्हाला. मिळालंय.

पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक शब्द एकटाच तिरका लिहिलाय. तो पुढच्या पानाचा पहिला शब्द असतो, पूर्वी पानांवर नंबर नसायचे म्हणून बांधणाऱ्याच्या सोयीसाठी. सरांनी वाचून दाखवला, 'मफऊल', म्हणजे कर्म. तर तुमच्यापैकी कोणी इस्तंबूलहून असं पान आणलं असेल आणि त्याची सुरुवात 'मफऊल'ने होत असेल तर मला कळवा, त्यावर काय रंगवलंय तेही सांगा.