राजवाड्यांची स्वाक्षरी आणि माझे ४३,२२५ रुपये

पुस्तकांच्या आगाऊ नोंदणीत मी फसलो. किती गेले तो आकडा आधी सांगून टाकतो, कारण गावात तो दर आठवड्याला वाढतोय. कुणी लाख म्हणतं, कुणी दीड लाख. गेले ते एकूण ५१,८७० रुपये. त्यातले माझ्या खिशातून गेले ४३,२२५. उरलेल्यांचा हिशेब पुढे येईल.

मी तापीकाठच्या एका गावात कृषी सेवा केंद्रात हिशेब लिहितो. सव्वीस वर्षं झाली. बियाण्याला जीएसटी शून्य, खताला ५ टक्के, फवारणीच्या औषधाला १८, हे मला झोपेतून उठवून विचारा. हे मुद्दाम सांगतोय. दुसरं म्हणजे मला इतिहासाचा नाद आहे. अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशचं दानदेश केलं, ही गोष्ट मी युरियाची पावती फाडता फाडता गिऱ्हाइकाला सांगतो. लोक बिचारे ऐकून घेतात.

तर गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात आली. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानिमित्त म्हणे खास योजना. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड, सोबत १८८० चं खानदेश गॅझेटियर (इंग्रजी अमलातला जिल्ह्याचा माहितीग्रंथ) आणि वर पाच जुन्या कादंबऱ्या भेट. छापील किंमत १४,५००. प्रकाशनपूर्व ८,९००. पाचपेक्षा जास्त संच एकत्र घेतले तर ७,९००.

अशा योजनांचं पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण प्रकाशनपूर्व सवलत हा काही आजचा प्रकार नाही, घरातली निम्मी पुस्तकं मी अशीच आगाऊ पैसे भरून घेतली आहेत आणि प्रत्येक वेळी पुस्तक घरी आलंय. त्यात राजवाडे! माणूस ३१ डिसेंबर १९२६ ला आमच्या धुळ्यात वारला, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ एसटीनं तासाभरावर आहे. तिथे जाऊन नुसतं विचारलं असतं, “असा काही संच निघतोय का हो?” एवढ्या एका प्रश्नाचं काम होतं. नाही गेलो.

नोंदणीचे ५०० भरले. आठ दिवसांत नमुना म्हणून पहिला खंड घरपोच. कापडी बांधणी, शिवलेली पानं, छपाई स्वच्छ. त्यात १७५० पासून पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. दोन रात्री जागून वाचली. तिसऱ्या दिवशी खंड पिशवीत घालून मी स्वतः लोकांना दाखवत फिरलो. शालक, हायस्कूलचे दोन शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले शेजारचे नाना आणि मला चौथीत शिकवलेले गुरुजी, वय ८१. मी धरून सहा संच झाले. त्या ठगाला दलाल शोधावा लागला नाही, मीच होतो.

आता तो फोन. माझं डोकं अजून तिथेच अडकलंय. पैसे भरायच्या आदल्या दिवशी त्याच्याशी बोललो. आवाज गोड, शब्दाशब्दाला ‘सर’. म्हणाला, “सर, तुम्ही पहिल्या शंभरात आहात. तुम्हाला लेखकाच्या स्वाक्षरीची प्रत मिळणार.”

मी म्हणालो, “कोणाच्या स्वाक्षरीची?”

“लेखकाच्या, सर. राजवाडे सरांच्या.”

राजवाडे सरांच्या! जाऊन शंभर वर्षं होत आली त्या माणसाला. मी हसलो. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “म्हणजे संपादकांच्या, सर. चुकून बोललो.” आणि मी, ज्याला राजवाड्यांच्या मृत्यूची तारीख तोंडपाठ आहे, त्याला काय म्हणालो असेन? “हरकत नाही, होतं असं कामाच्या गडबडीत.” त्याला मी सावरून घेतलं. वर मनात त्याची कीव केली, की पोटासाठी पोराला पुस्तकं विकावी लागताहेत आणि बिचाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. ज्याला कळत नाही तो २२ खंड छापायला कसा निघाला, हा प्रश्न मला पोळ्यानंतर पडला.

दुसऱ्या दिवशी, १४ जूनला, बिल आलं. एक संच ७,९००, त्यावर जीएसटी ५ टक्के म्हणजे ३९५, वाहतूक ३५०. एकूण ८,६४५. सहा संचांचे ५१,८७०, नोंदणीचे ५०० वजा. छापील पुस्तकांवर जीएसटी नसतो. शून्य. बियाण्यासारखाच. बिलावर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ नं, म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा क्रमांक २७ नं सुरू होतो, हे मी रोज पन्नास बिलांवर बघतो. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुठल्यातरी मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचं.

पण पेरणीचे दिवस होते. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांवरून माणसं हमरीतुमरीवर आलेली, एका हातात पावतीपुस्तक, दुसऱ्या हातात मोबाइल. ५१,३७० टाकले, पिन दाबला. कारण म्हणून हे पुरेसं नाही, हे मला कळतं. तरी सांगतो. बिल संध्याकाळी घरी बसून, चष्मा लावून बघा. गर्दीत पैसे पाठवू नका.

जुलै गेला. “बाइंडिंग सुरू आहे, सर.” मग “पावसामुळे गाड्या अडकल्यात, सर.” पोळ्याच्या आदल्या दिवशी एक खोका आला. सहा संचांचे १३२ खंड यायला हवे होते, गॅझेटियर आणि कादंबऱ्या वेगळ्याच. खोक्यात पुस्तकं निघाली १८.

तीही कसली! इंटरनेटवरचं स्कॅन उतरवून छापलेलं. पहिल्याच पानावर कुठल्यातरी ग्रंथालयाचा गोल शिक्का. पाचव्या आणि नवव्या खंडाचं वेष्टन वेगळं, आत मजकूर एकच. काही पानं कॉम्प्युटरनं ‘वाचून’ नव्यानं टाइप केलेली, त्यात सगळीकडे ‘शके’चं ‘शंके’ झालेलं. आणि एका पत्राच्या मधोमध अंगठा. स्कॅन करताना पान दाबून धरणाऱ्या माणसाचा, रबरी टोपी घातलेला, काळा अंगठा. पेशव्यांच्या पत्राच्या चार ओळी त्याच्याखाली. माझ्या भाच्यानं दहा मिनिटांत तोच ग्रंथ मोबाइलवर फुकट काढून दाखवला. तेच पान, तोच अंगठा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे पुस्तक सगळ्यांसाठी खुलं होतं, त्यामुळे राजवाडे कुणीही छापावेत, गुन्हा नाही. गॅझेटियरही नेटवर फुकट वाचायला मिळतं. जुन्या पुस्तकाची जाहिरात आली की आधी ते फुकट कुठे आहे का बघा. पैसे कागदाचे आणि बांधणीचे द्यायचे असतात. कागद बघितल्याशिवाय कशाला द्यायचे?

मग तो नमुन्याचा खंड चांगला कसा, हे कोडं होतं. आतल्या पानावर प्रकाशकाच्या नावाची पट्टी चिकटवलेली होती. वाफेवर धरली, कोपऱ्यातून नखानं सोलली. खाली दुसऱ्याच प्रकाशकाचं नाव. कुणाची तरी खरी प्रत विकत घेऊन त्यावर स्वतःचं नाव डकवलं होतं. एका पुस्तकाच्या गुंतवणुकीवर सहा संचांचं पीक. आमच्या धंद्यात एवढा नफा कुणी पाहिला नाही. नमुना आला की नखानं पट्टी खरवडून बघा, लाजू नका.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तो खोका आल्यानंतर, म्हणजे दोन महिने उशिरा. पैसे गेल्या गेल्या केला तर समोरच्या खात्यातले पैसे अडवता येतात. मला तेव्हा गेलेत हेच माहीत नव्हतं. तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला, ठगाच्या खात्यात शिल्लक निघाली २१२ रुपये.

बँकेत गेलो. “पिन तुम्हीच टाकलात ना?” टाकला. “मग आम्ही काय करणार?” विषय संपला.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “वाचायला घेतली की विकायला?” वाचायला. “सहा संच?” मागे बाकावर बसलेला एक जण हसला, तो बहुतेक स्वतःच कुठल्यातरी गुन्ह्यात आणलेला होता. मग मुख्य वाक्य आलं : “पुस्तकं आली ना? कमी आली म्हणजे हा दिवाणी मामला. ग्राहकवाल्यांकडे जा.” इथे कान द्या, कारण सगळी मेख इथेच आहे. ते १८ रद्दी ग्रंथ माझ्यासाठी पाठवलेलेच नव्हते, ते या वाक्यासाठी पाठवले होते. काहीच पाठवलं नसतं तर फसवणूक झाली असती. अठरा पाठवले की ‘व्यवहारातला वाद’ होतो. ठगाला हे कळतं. ठाण्यातल्यांना कळत नाही असं मी म्हणणार नाही, त्यांना ते सोयीचं आहे.

जिल्ह्याला गेलो. “तुमच्या ठाण्याचं पत्र आणा.” ठाण्यात आलो. “जिल्ह्यानं मागवलं तर देऊ.” तिसऱ्या खेपेला साहेब गणपतीच्या बंदोबस्तात. चौथ्या खेपेला टायपिंगवाला रजेवर. पाचव्या खेपेला माझा अर्ज सापडेना, नवा लिहा म्हणाले, आणि लिहिताना ‘फसवणूक’ हा शब्द काढून ‘पुस्तक खरेदीबाबत तक्रार’ असं लिहायला लावलं. स्वतःच्या हातानं लिहिलं मी. एसटीच्या तिकिटांचे ७४० रुपये झाले, तेही या हिशेबात धरलेले नाहीत.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे चांगलं आहे, करा. पण समोरच्याचा खरा पत्ता लागतो. माझं रजिस्टर पत्र ‘या पत्त्यावर असा इसम नाही’ म्हणून परत आलं. पैसे भरण्याआधी त्या पत्त्यावर साधं पोस्टकार्ड टाकून बघायला काय झालं होतं मला?

पाच जणांपैकी चौघांना मी ८,६४५ प्रमाणे ३४,५८० परत केले. शालकानंही घेतले, मुकाट्यानं, आणि तेव्हापासून तो मला ‘प्रकाशक’ म्हणतो. नाना अहिराणीत एवढंच म्हणाले, “तुले समजनं नही का रे भो?” त्याला काय उत्तर देणार! गुरुजींनी मात्र पैसे घेतले नाहीत. म्हणाले, “तो पहिला खंड देऊन जा, तेवढ्यात फिटलं.” दिला. पट्टी सोललेल्या पानासकट.

बाकीचे १८ आमच्या गोदामात युरियाच्या गोण्यांवर ठेवलेत. मुद्देमाल आहे, पंचनामा होईपर्यंत हलवू नका, असं ठाण्यातून बजावलंय. कधी होणार विचारलं की म्हणतात, कळवू.