विजापूर रोडवरचं ट्रेनिंग सेंटर: टॅब नको, ताईंचा तास घ्या

माझा मुलगा सात वर्षांचा. ऑटिझम आहे, बोलतो पण मोजकंच. सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका सेंटरमध्ये सहा महिने त्याला 'कॉग्निटिव्ह ट्रेनिंग'ला (लक्ष, स्मरणशक्ती वाढवायच्या सरावाला) घातलं होतं. अर्धा तास टॅबवर लक्ष आणि स्मरणशक्तीचे खेळ, अर्धा तास शिकवणाऱ्या ताईंसोबत टेबलावर. महिन्याला साडेचार हजार, अशोक चौकातून रिक्षा वेगळी.

टॅबसाठी पैसे घालवू नका. क्रमाने पेटणारे दिवे लक्षात ठेवायच्या खेळात तो तीन महिन्यांत सहा दिव्यांपर्यंत गेला. दर शनिवारी आलेख हातात मिळायचा. घरी मात्र "वाटी आणि मीठ आण" म्हटलं की वाटी घेऊन ओट्यापाशी उभा. मीठ राहिलेलंच. सेंटरच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "स्कोअर वाढतोय ना, धीर धरा." मला ते तेव्हाही पटलं नाही. ज्या खेळाचा सराव, त्यातच हात बसतो. रोजच्या कामात तो आपोआप उतरत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. अमेरिकेत 'ल्युमॉसिटी' या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या कंपनीला फसव्या जाहिरातींपायी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरावे लागले. पैसे भरण्याआधी हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

ताईंना मात्र हात जोडते. त्यांनी दिवसभराच्या कामांची चित्रपट्टी करायला शिकवली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉपलर यांनी ऑटिझम असलेल्यांसाठी उभ्या केलेल्या 'टीच' (TEACCH) कार्यक्रमात अशा पट्ट्या वापरतात. मी आधी छापील कार्टून लावली, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ताई म्हणाल्या, "त्याचाच ब्रश, तुमचीच बादली, त्यांचे फोटो आणा." नवी पेठेतून लॅमिनेशन करून घेतलं, मागे वेल्क्रो. काम झालं की तो फोटो टर्रकन उपटतो आणि डब्यात टाकतो. त्या आवाजासाठी दात घासायला स्वतःहून जातो! गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत चार दिवस क्लासला गेलो नाही. सकाळीच पट्टीवरून रिक्षाचा फोटो काढला. एरवी असा बदल म्हणजे तासभर रडणं. त्या दिवशी त्याने रिकाम्या जागेवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि खेळायला गेला.

वाटी-मिठाचंही तसंच केलं. आधी हातात दोन फोटो, मग एकच. गेल्या आठवड्यात फोटो न देता "शेंगा चटणी आणि दही आण" म्हटलं. दोन्ही आणलं.

नुसते ताईंचे तास मागितले तर देतात, पण फलकावर तसं लिहिलेलं नाही, विचारावं लागतं. संध्याकाळी हॉलमध्ये फार गोंगाट असतो. आवाज सोसत नसेल तर सकाळची वेळ घ्या.