सहकारी संस्था की शेतकरी उत्पादक कंपनी? नोंदणीपूर्वी तपासावयाच्या बाबी

पुरंदर तालुक्यातील अंजीर आणि सीताफळ उत्पादक एकत्र बसले की हल्ली हा प्रश्न हमखास निघतो. दोन्ही मार्गांची सुरुवात दहा उत्पादकांनी होऊ शकते आणि दोन्हींत, भाग कितीही घेतलेले असले तरी, सभासदाला मत एकच असते. त्यामुळे कंपनी काढली की गावातला बडा बागायतदार ती ताब्यात घेईल, ही भीती कायद्यापुरती तरी निराधार आहे.

सहकारी संस्था 1960च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली येते. कार्यक्षेत्र उपविधींत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत, ठरलेले असते, दर पाच वर्षांनी निवडणूक होते आणि गैरकारभार आढळल्यास समिती बरखास्त करून प्रशासक नेमण्याचा अधिकार निबंधकांना असतो. हा अंकुश अनेकांना जाचतो. परंतु जिथे हिशेब पाहणारे कोणी नाही, तिथे लहान शेतकऱ्याला आधार या अंकुशाचाच असतो, असे माझे मत आहे. शिवाय जिल्हा बँकेचे कर्ज आणि शासकीय भागभांडवल यांची वाट या चौकटीत मळलेली आहे.

1991नंतर बाजार मोकळा होत गेला, तशी ही चौकट जिल्ह्याबाहेरच्या व्यापाराला अपुरी वाटू लागली. अर्थतज्ज्ञ य. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून 2002 साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद आली. येथे संचालक पाच ते पंधरा असतात, पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो, आणि सभासदाने जितका माल दिला त्या प्रमाणात नफ्यातून बोनस देता येतो. अडचण भांडवलाची आहे. भाग उत्पादकांखेरीज कोणालाही देता येत नाहीत, म्हणून बाहेरचा गुंतवणूकदार भागधारक होऊ शकत नाही. केंद्राच्या 2020च्या योजनेत प्रति सभासद 2,000 रुपयांपर्यंत, एकूण 15 लाखांच्या मर्यादेत, समतुल्य अनुदानाची, म्हणजे सभासदांनी घातलेल्या भागभांडवलाइतकीच रक्कम देण्याची, सोय करण्यात आली. मात्र सपाट प्रदेशात त्यासाठी किमान 300 सभासदांची अट होती. व्यवहार शून्य असला तरी वार्षिक विवरणपत्रे चुकत नाहीत, आणि उशीर झाल्यास प्रत्येक पत्रामागे दिवसाला 100 रुपये भरावे लागतात. सनदी लेखापालाचा खर्च न धरता कंपनी काढणाऱ्यांना पहिली ठेच इथेच लागते.

दुधाबाबत माझे उत्तर सरळ आहे: गावची दूध संस्था आणि जिल्हा संघ ही साखळी उभी असताना वेगळी कंपनी काढण्याचे कारण नाही. खते-बियाण्यांसाठीही संस्था पुरते. अंजिराचे तसे नाही. पहाटे तोडलेले फळ दुसऱ्या दिवशी मऊ पडते. पुण्याच्या गुलटेकडी बाजाराला पाठवायचे की हैदराबादच्या खरेदीदाराला, हे सकाळी फोनवरच ठरवावे लागते. मासिक सभेच्या ठरावाची वाट फळ पाहत नाही. अशा मालाला मी कंपनी सुचवेन.

मात्र नोंदणीपूर्वी एक हंगाम शेतकरी गट म्हणून एकत्र माल पाठवावा. भाडे, हमाली, तोलाई वजा होऊन आलेली प्रत्येक पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) एका वहीत चिकटवावी आणि कोणाच्या किती पाट्या गेल्या ते समोर लिहावे. बांधावरचा व्यापारी किलोला दोन रुपये जास्त देत असतानाही ज्यांची फळे गटाच्या टेम्पोत चढली, त्यांचीच नावे अर्जावर प्रवर्तक म्हणून घालावीत.