फायबर पॉड सांगून आत पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) भरलं! गाडीच्या दारात स्पीकर बसवून घेणाऱ्यांनी नक्की वाचा

दारात कस्टम पॉड (स्पीकर बसवायला फायबरचा बनवलेला वेगळा उंचवटा) करून घ्यायचा विचार असेल तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. या कामात चोरी होते ती रेक्झिनच्या आत, आणि एकदा का रेक्झिन चढलं की आत फायबर आहे का पुठ्ठा आहे हे बाहेरून कुणाच्या बापाला कळत नाही. माझे अठरा हजार गेले, वर दोन्ही डोअर पॅड (दाराची आतली आवरणं) खराब झाले ते वेगळेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कंपनीच्या दारात स्पीकरची जागा खाली गुडघ्याच्या पलीकडे असते, आवाज पायांवर आदळतो. मला ढोलकी पखवाज ऐकायची आवड, त्यांच्या खर्जाची घुमी नीट यायला पाहिजे अशी इच्छा, म्हणून साडेसहा इंची कंपोनंट सेट (बेसचे आणि बारीक आवाजाचे स्पीकर वेगवेगळे) घेतला आणि तो थोडा वर तोंड करून बसेल असा पॉड बनवून घ्यायचं ठरवलं. पुण्यातल्याच एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. दुकानात एक सँपल पॉड ठेवलेला होता, तो खरंच एक नंबर होता, मागून उलटा करून दाखवला, आत काचेचे धागे चमकत होते, ठोकला तर टण्ण आवाज. मालक म्हणाला दादा अस्संच करून देतो, जोडीचे अठरा, दहा आत्ता द्या. बिल मागितलं तर म्हणाला काम झाल्यावर देतो. गाडी चार-पाच दिवस ठेवून घेतली, का तर रेझीनचा (फायबर घट्ट करणाऱ्या चिकट द्रवाचा) वास गेला पाहिजे म्हणून. रोज व्हॉट्सॲपवर फोटो यायचे, आज मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) लावली, आज सँडिंग केलं. फोटोतलं काम अगदी खरं होतं, फक्त ते माझ्या गाडीचं नव्हतं.

गाडी हातात आली तेव्हा पॉड दारावर पक्के बसवलेले, कडेने सिलिकॉन मारलेलं, वर काळं रेक्झिन, शिलाई पण सुंदर. आणि आवाज सुद्धा चांगला होता हो! हेच मला सगळ्यांना सांगायचंय, आवाजावरून लगेच कळत नाही, कारण पीओपी सुकलं की टणक आणि जड होतं, सुरुवातीला बेस मस्त घट्ट येतो. ड्रायव्हरच्या बाजूची काच पूर्ण खाली जात नव्हती, त्यावर उत्तर मिळालं की पॉडवाल्या गाडीत असंच असतं, दोन बोटं वरच ठेवा. हे साफ खोटं आहे. स्पीकरचं मॅग्नेट काचेला अडत होतं, म्हणजे काच खाली करून माप घेतलेलंच नव्हतं.

पाऊस सुरू झाल्यावर खरा प्रकार बाहेर आला. बऱ्याच जणांना माहीत नसतं की दाराच्या आत पाणी येतंच, काचेवरून ओघळून पत्र्याच्या आत उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं, म्हणून तर कंपनी डोअर पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवते. या लोकांनी तो कागद टराटरा कापून टाकलेला. आधी बारीक खडखड, मग बेसला फडफड, मग डाव्या पॉडचं रेक्झिन फुगलं आणि स्पीकरचे स्क्रू हाताने फिरायला लागले.

त्याच दरम्यान मामांकडे मालवणजवळ जाणं झालं. मामांचं आयुष्य होड्यांच्या कामात गेलंय, आता बहुतेक होड्या फायबरच्याच, त्यामुळे मॅट, रेझीन, हार्डनर (रेझीन कडक करणारं रसायन) हे त्यांचं रोजचं. त्यांनी पॉडवर नुसतं बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्या फायबर न्हय रे, ह्या प्लास्टर असा." मी म्हटलं मामा फोटो आहेत माझ्याकडे. त्यांनी काही न बोलता स्पीकर काढला, रेक्झिनची कड सोडवली. आत फेविकॉलमध्ये भिजवलेलं जुनं कापड, त्याच्याखाली पीओपी, ओलं होऊन दह्यासारखं झालेलं, आणि त्याच्या आत चक्क थर्माकोल. स्पीकर बसवायची रिंग साध्या एमडीएफची (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या पाटीची), पाणी पिऊन पावासारखी फुगलेली. मग मामांनी मला एक गोष्ट करून दाखवली ती मी विसरणार नाही. डब्यात थोडं पॉलिस्टर रेझीन ओतलं आणि त्याच थर्माकोलचा तुकडा त्यात टाकला. बघता बघता तो विरघळून चिकट गोळा झाला. रेझीनमध्ये स्टायरीन नावाचं रसायन असतं ते थर्माकोलला खातं. माझ्या पॉडमधलं थर्माकोल अख्खं शाबूत होतं, म्हणजे त्याला रेझीनचा थेंबही लागलेला नव्हता. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे? त्याचा व्हिडिओ काढून ठेवलाय.

खरं काम कसं असतं ते मामांनी समजावलं, ते लिहून ठेवतो म्हणजे तुम्हाला दुकानात विचारता येईल. डोअर पॅडवर मास्किंग टेप, त्यावर फॉइल, मेण, आणि मग ३०० किंवा ४५० जीएसएमची (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाची) मॅट रेझीनने बसवून तळ काढायचा. त्यावर मरीन प्लायची रिंग पाहिजे त्या कोनात काठ्यांवर उभी करायची, एमडीएफ वापरलं तर ते सगळीकडून रेझीनने बंद करायचं. वरून ताणलं जाणारं कापड ओढून रेझीन पाजायचं, ते कडक झालं की आतून मॅटचे थर द्यायचे, ब्रशने दाबून हवा काढत काढत, पाच-सहा मिलीमीटर जाडी येईपर्यंत. ताकद या आतल्या थरात असते. बाहेरची पुट्टी फक्त आकार गुळगुळीत करायला, ती जाड थापली तर धक्क्याने तडकते. हार्डनर साधारण एक ते दोन टक्के, घाईत जास्त टाकला की रेझीन तापून चिरा पडतात, आणि दमट हवेत नीट सुकायला वेळ लागतो. एवढी मेहनत आहे, म्हणून चांगल्या कारागिराने पैसे जास्त मागितले तर मला काहीच वाटत नाही. राग त्यांचा येतो जे मेहनतीचे पैसे घेतात आणि डेकोरेशनचा माल भरून देतात.

दुकानदाराला फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला पाणी गेलं तर वॉरंटी नाही. मग कारागीर गावी गेलाय. मग व्हिडिओ पाठवला तसा नंबर ब्लॉक. कंपनीच्या वायरिंगचं कपलर (वायरी जोडायचा प्लग) न वापरता वायरी कापून नुसती टेप मारली होती हे सुद्धा नंतर कळलं. बिल दिलंच नाही, पण पैसे यूपीआयने गेलेत आणि व्हॉट्सॲपवर "फायबरचे पॉड, जोडी १८" असं त्याने स्वतः लिहिलंय, त्यावर माझी भिस्त आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा कुणाचं असं काम झालं असेल तर गप्प बसू नका.

काम द्यायच्या आधी एकच अट घाला, रेक्झिन चढवायच्या आधी मी येऊन पॉड हातात घेऊन मागून बघणार, आणि उरलेले पैसे त्यानंतरच. जो खरं काम करतो तो आनंदाने दाखवतो. स्पीकर स्वतःचे देत असाल तर सिरियल नंबरचे फोटो काढून ठेवा.

आणि ज्यांनी आधीच करून घेतलंय त्यांनी स्पीकरचे स्क्रू काढून आत टॉर्च मारा. पिवळट, अर्धपारदर्शक, धागे दिसणारी भिंत असेल तर ठीक आहे. नाहीतर स्क्रूड्रायव्हरने थोडं खरवडा, पांढरी भुकटी पडली तर ते बहुतेक पीओपी आहे, लगेच व्हिडिओ काढा आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी दुकान गाठा.