रिपोर्ट सुधारत गेला, मी खचत गेले

नऊ वर्षं मी थायरॉइडची 75 मायक्रोग्रॅमची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेत होते. दसऱ्यानंतर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मोफत थायरॉइड शिबिर’ भरलं आणि तिथे मी फसले. 6,900 रुपये गेले, त्याचं मला तेवढं वाटत नाही. तब्येतीचं जे झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून लिहितेय.

शिबिरातल्या बाई बोलायला फार गोड. “अहो ताई, गोळी म्हणजे कुबडी. जपानी बायका रोज समुद्रशैवाल खातात, त्यांना कुठे थायरॉइड होतो?” केल्पच्या कॅप्सूल होत्या. केल्प म्हणजे थंड समुद्रात वाढणारं तपकिरी शेवाळ. दिवसाला दोन, तीन महिन्यांचा कोर्स, तीन बाटल्यांवर एक मोफत. केसही गळायचे थांबतील, म्हणाल्या. माझी वेणी तेव्हा बोटाएवढी उरली होती, ते त्यांनी बरोबर हेरलं. निघताना एक सूचना दिली: “रक्त द्यायला जाल त्या दिवशीही सकाळची कॅप्सूल चुकवू नका हं.”

सहा आठवड्यांनी टीएसएच केला, म्हणजे रक्ताची ती तपासणी, थायरॉइड मंद पडला की जिचा आकडा वाढतो. आधीचा 5.1, आता 0.4. मला रडू आलं. बाईंनी माझा रिपोर्ट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि मला फोन केला, “आता गोळी सोडा.” मी सोडली. घरात यांनाही सांगितलं नाही.

जानेवारीत गॅससमोर उभी असतानाही मला स्वेटर लागायचा. सकाळी डोळ्यांखाली सूज, आवाज घोगरा, एक जिना चढायला दोनदा थांबायचं. हळदीकुंकवासाठी बांगड्या भरायला गेले, तर नेहमीच्या मापाची बांगडी अंगठ्याच्या पुढे सरकेना. कासारीण हात दाबून बघत म्हणाली, “वहिनी, हात सुजलाय तुमचा.” बाईंना विचारलं तर उत्तर आलं की शरीरातली घाण बाहेर पडतेय. पुन्हा तपासणी केली. टीएसएच 2.2, अगदी नॉर्मल. कागदावर सगळं छान दिसत होतं, त्यामुळे मी वयाला दोष देत बसले.

जाऊबाई मला ओढून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी नाडी बघितली, कोपराच्या कोरड्या कातडीवरून बोट फिरवलं, रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, “केसांसाठी काही घेताय का?” मी पर्समधून बाटली काढली. पुढे मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘शुद्ध समुद्रशैवाल’. मागे, चष्म्यानेही धड वाचता येणार नाही अशा ओळीत, बायोटिन 10 मिलिग्रॅम.

बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व. थायरॉइडच्या बऱ्याच तपासण्यांच्या किटमध्येच बायोटिनचा वापर असतो. रक्तात ते फार झालं की टीएसएच खोटा कमी दिसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्येच असा इशारा दिला होता. आठवडाभर कॅप्सूल बंद ठेवून तीच तपासणी पुन्हा केली. टीएसएच 68.

बाईंना हे माहीत होतं की नव्हतं, ते मी सिद्ध करू शकत नाही. पण रक्ताच्या दिवशी कॅप्सूल चुकवू नका, हे वाक्य माझ्या कानातून जात नाही.

आणि केल्पचंही तेच. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. आपल्या मिठात किलोला किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे, म्हणजे 10 ग्रॅम मिठात तेवढं येतंच. वाळलेल्या समुद्रशैवालात मात्र जातीनुसार ग्रॅममागे 16 पासून 8,000 मायक्रोग्रॅमच्याही वर आयोडीन सापडलेलं आहे. माझ्या बाटलीवर आयोडीनचा आकडाच नव्हता. आधीच दुखावलेल्या थायरॉइडला जास्तीचं आयोडीन आणखी मंद करू शकतं, काहींची ग्रंथी उलट भडकतेही. जपानचं म्हणाल, तर माझ्या आजाराला नावच हाशिमोटो या जपानी डॉक्टरांचं आहे, त्यांनीच 1912 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. होक्काइडोच्या किनाऱ्यावर तर कोम्बू, म्हणजे केल्पच, फार खाणाऱ्यांत गलगंड आढळल्याची नोंद आहे. हे त्या हॉलमध्ये कुणी सांगितलं नाही.

शेवाळावर माझा राग नाही. चायना ग्रास शेवाळाचंच, आमच्याकडे उन्हाळ्यात त्याचं पुडिंग होतं आणि यापुढेही होईल. राग आहे तो औषध म्हणून विकण्याचा. माहितीपत्रकावर ‘गलगंड आणि लठ्ठपणा मुळापासून’ असं छापलं होतं. औषधं आणि चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या 1954 च्या कायद्याच्या यादीत हे दोन्ही आजार आहेत, त्यांच्यावर इलाजाची जाहिरात करताच येत नाही. लेबलवरचा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना मला दाखवला होता, पण तो धंद्याचा परवाना, गुण येण्याची हमी नव्हे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तेव्हा पहिला प्रश्न आला, बिल आहे का? मी यूपीआयने कुणाच्या तरी खासगी नंबरवर पैसे टाकले होते. तेवढा स्क्रीनशॉट आणि माहितीपत्रक, इतकंच हातात आहे.

गोळी पुन्हा सुरू केली. बांगड्या चढायला तीन महिने लागले.

मोफतची चौथी बाटली मी भाचीला दिली होती, केसांसाठी. तिला तेव्हा तिसरा महिना होता. जास्तीचं आयोडीन बाळाच्या थायरॉइडपर्यंत पोचतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझे हातपाय गळाले. दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच तिला फोन लावला. “मावशी, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही,” ती म्हणाली, “आमच्या डॉक्टरीणबाईंनी न विचारता काही घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय. मी उघडलीच नाही.” ती बाटली सीलसकट आता तक्रारीच्या कागदांबरोबर माझ्या कपाटात आहे.