‘बच्चे का बर्थडे है’ म्हणणारा मेजर : पुण्यात नव्याने सुरुवात करणाऱ्या कॅरेक्टर कलाकारांसाठी

वाढदिवसाला, मॉलमध्ये, शाळेच्या गॅदरिंगला सुपरहिरोचा पोशाख घालून मुलांमध्ये उभं राहणं हे माझं काम आहे. आधी सोलापुरात करायचो, आता पुण्यात करतो. सोलापुरात इव्हेंटवाले ओळखीचे, डेकोरेशनवाला ओळखीचा, पैसे अडकले तर कोणाच्या दुकानात जाऊन बसायचं तेही ठाऊक. पुण्यात एकटा आलो तेव्हा धायरीत कॉट बेसिसवर जागा घेतली आणि सोबत होते स्पायडरमॅनचे दोन सूट. या सूटची चेन पाठीवर असते. ती लावायला दुसरा माणूस लागतो आणि खोलीवरचे सगळे शिफ्टवर. शेवटी चेनच्या टोकाला लांब नाडी बांधली आणि खांद्यावरून ओढून स्वतःच चेन लावायला शिकलो. हे एवढ्यासाठी सांगतोय, की ज्यांनी मला लुटलं ते असाच माणूस शोधत असतात : शहरात नवा, कामाची निकड असलेला, आणि फोन चालू असताना ‘थांब जरा’ म्हणणारं शेजारी कोणी नसलेला.

नवीन माणूस काम मिळवण्यासाठी नंबर सगळीकडे टाकतो. मीही फेसबुकच्या ग्रुपवर, लिस्टिंगच्या साइटवर, इन्स्टाग्रामच्या पेजवर टाकला होता. थोड्याच दिवसांत फोन आला. “भाईसाब, आर्मी से बोल रहा हूँ. बच्चे का बर्थडे है, कॅम्प में प्रोग्रॅम करना है.” ट्रूकॉलरवर ‘इंडियन आर्मी’ असं नाव आणि गणवेशातला फोटो. व्हॉट्सॲपवर लगेच ओळखपत्र आलं, कॅन्टीन कार्ड आलं. पुण्यात यात संशय घेण्यासारखं काही वाटत नाही. लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, खडकी, दिघी, देहूरोडला लष्कराचे भाग, वानवडीत लष्कराचं मेडिकल कॉलेज एएफएमसी, खडकवासल्याला एनडीए. फौजी घरातला वाढदिवस म्हणजे इथे कोणत्याही रविवारचं काम. वर्दीबद्दल आपल्या मनात जो आदर आहे, त्याचाच हे लोक धंदा करतात, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याची येते.

आता त्या संभाषणाकडे नीट पाहा, कारण पैशांचा विषय निघण्याच्या कितीतरी आधी खोटेपणा तिथे दिसतो. या कामात ज्यांची हयात गेली त्यांना माहीत आहे की खरा पालक पैशांआधी मुलाबद्दल बोलतो. “आमचा चार वर्षांचा आहे, मास्क बघून घाबरणार नाही ना?” “केक कापताना याल की आधी?” “सूट चांगला आहे का, फोटो पाठवा.” मग घासाघीस : “दोन तास नको, एकच तास या, किती घ्याल?” आईचा फोन असेल तर मुलाचं नाव पहिल्या मिनिटात कळतं. या माणसाने मुलाचं नाव घेतलं नाही, वय सांगितलं नाही, सूटचा फोटो मागितला नाही. मी सांगितलेला रेट जसाच्या तसा मान्य केला आणि वर म्हणाला, “दो कॅरेक्टर और ले आओ, पेमेंट की चिंता मत करो.” ज्याला कार्यक्रम करायचाच नाही, तो भाव कशाला करेल?

पुढे गेट पास. त्यासाठी आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि माझा एक सेल्फी मागितला. छावणीत जायचं म्हणजे ओळख लागणारच, त्यामुळे ही मागणी सरळ वाटते. हेच फोटो उद्या दुसऱ्या कोणाला फसवताना ‘हे बघा माझं ओळखपत्र’ म्हणून पाठवता येतात. मला आलेलं ओळखपत्रही असंच कोणाचं तरी उचललेलं असणार.

मग आले ‘मेजर साहब’. आवाज दुसरा, बोलणं तुटक आणि हुकमी. “ॲडव्हान्स अभी भेज रहे हैं. आर्मी अकाउंट का प्रोसेस अलग होता है. पहले आप एक रुपया भेजिए, दो रुपये वापस आयेंगे.” मी १ रुपया पाठवला आणि खरोखर २ रुपये आले. सगळ्या सापळ्याची कळ इथे आहे. डोळ्यांसमोर पैसे दुप्पट होऊन आले की पुढची सूचनाही त्याच प्रकारची वाटते. त्यानंतर त्याने फोन ठेवूच दिला नाही. स्पीकरवर ठेवा, ॲप उघडा, हा नंबर टाका, हे करा, ते करा. संध्याकाळी मुंढव्याला दुसरा कार्यक्रम होता, मी अर्धा सूट चढवलेला, आणि तो सारखा म्हणतोय, “जल्दी कीजिए, गेट पास का टाइम निकल रहा है.”

“अब अमाउंट की जगह व्हेरिफिकेशन कोड डालिए. एक, चार, नौ, नौ, नौ.”

हा आकडा कोड नसतो, ती रक्कम असते. पिनच्या पानावर पैसे घेणाऱ्याचं नाव दिसत होतं आणि ते मेजरचं नव्हतं. विचारलं, तर उत्तर तयार होतं : “वो अकाउंट्स क्लर्क का नाम है.” पिन पडला आणि १४,९९९ रुपये गेले. लगेच तो म्हणाला, “सर्व्हर में अटक गया है, फिर से वही कोड डालिए, दोनों रिफंड हो जायेंगे.” गेलेले पैसे परत आणण्याची घाई माणसाला दुसऱ्यांदा तेच करायला लावते. २९,९९८ रुपये गेले. स्वतंत्र खोलीच्या डिपॉझिटसाठी एक-एक शो करून जमवलेले.

यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो किंवा शिल्लक बघताना. पैसे घेताना पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, कुठला कोड टाकावा लागत नाही. समोरचा आर्मीचा असो, सीआयएसएफचा असो की कंपनीचा मॅनेजर असो, यात फरक पडत नाही. आपल्यातल्या अनेकांची इंग्रजी तेवढी पक्की नसते, म्हणून ॲपची भाषा आजच मराठी करून घ्या. घाईच्या वेळी आपल्या भाषेतला शब्द डोळ्यांत लवकर भरतो.

पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० ला. बँकेच्या कस्टमर केअरच्या रांगेत ताटकळण्याआधी, मित्राला सांगण्याआधी. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. गेलेले पैसे काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात आणि एटीएममधून निघतात. ते निघायच्या आत खातं गोठवलं गेलं तरच हाती काही लागतं. फोनवर रक्कम, वेळ, तुमची बँक आणि १२ आकडी यूटीआर नंबर विचारतात, तो ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. त्यानंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर पूर्ण तक्रार नोंदवून पोचक्रमांक घ्यायचा आणि तो घेऊन पोलीस ठाण्यात जायचं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठी आहे, ३१९ तोतयेगिरीसाठी, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड. नावं माहीत असली की ‘हा व्यवहार तुम्हीच केलाय’ या वाक्यापुढे गप्प बसावं लागत नाही. बँक मात्र हेच वाक्य म्हणते : पिन तुमचा, म्हणजे व्यवहार तुमचा. माझ्या रकमेतला दुसऱ्या व्यवहाराचा काही भाग गोठवलेल्या खात्यात सापडला, बाकीचा गेला. व्हॉट्सॲपवरचं संभाषण, ओळखपत्राचे फोटो, कॉलची नोंद यातलं काहीही रागाच्या भरात डिलीट करू नका. तक्रारीला तेच लागतं.

आधारचे फोटो दिले असतील, तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून बायोमेट्रिक लॉक करा आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावाने किती सिम चालू आहेत ते तपासा. अनोळखी सिम दिसलं तर तिथेच कळवता येतं. फसवणुकीचा फोन आला पण पैसे गेले नाहीत, अशा वेळी त्याच पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये तो नंबर टाका. पुढे द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता अशा फोनला मी एकच उत्तर देतो : “साहेब, गेटवर येतो, ॲडव्हान्स रोख द्या, तिथेच मुलालाही भेटतो.” खऱ्या माणसाला यात अडचण नसते. खडकीच्या एका सुभेदारांनी खरंच गेटवर बोलावलं, मुलीला घेऊन आले, तिने सूटचा रंग सांगितला. तोतया ‘ड्यूटी पे हूँ’ म्हणतो आणि आवाज चढवतो.

हडपसरची एक मेंदी कलाकार ताई आणि वारज्याचा एक केटरर, दोघांनाही हाच फोन आला. गोष्ट तीच, मेजर तोच, फक्त वाढदिवसाच्या जागी एकीकडे लग्न आणि दुसरीकडे २५ थाळ्या. आम्ही कॅरेक्टरवाले, अँकर, टॅटूवाले, फुगेवाले मिळून आता एक ग्रुप केला आहे. अनोळखी बुकिंगचा नंबर आधी तिथे टाकायचा, कोणाला आधी आला होता का विचारायचं, मगच होकार द्यायचा. पुण्यात नवीन आला असाल, एकटे राहत असाल, तर ओळखीच्या कुठल्याही इव्हेंटवाल्याला सांगा, तो तुम्हाला ग्रुपमध्ये घेईल. रात्री उशिरा नंबर टाकलात तरी कोणीतरी उत्तर देतं.